‘नव्वद टक्के झालंय’वर तारीख देऊ नका

चाकणच्या ऑटो पार्ट्स कंपन्यांत क्वालिटी किंवा एनपीडीतून (नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटमधून) प्रोजेक्टला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी डिप्लोमा करून लाइन इन्स्पेक्टर म्हणून लागलो, मग एनपीडी, मग प्रोजेक्ट. एपीक्यूपीचे (नव्या पार्टच्या क्वालिटीचं आधीच नियोजन करायची पद्धत) पाच टप्पे आणि पीपॅपचे (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची प्रक्रिया) १८ घटक तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

खरी कसोटी टूलिंगला, म्हणजे पार्टचा साचा (मोल्ड) बनवून घेताना लागते. भोसरीच्या, असे साचे बनवणाऱ्या टूलरूमला फोन केला की उत्तर येतं, “साहेब, नव्वद टक्के झालंय, दोन दिवसांत ट्रायल घेऊ.” तुम्ही ते ट्रॅकरमध्ये भरता, रिव्ह्यूत ती ओळ हिरवी दिसते, कस्टमरला टी-वनची, म्हणजे मोल्डच्या पहिल्या ट्रायलची तारीख जाते. नंतर कितीही फोन करा, आकडा नव्वदच. माझं पहिलं मोल्ड असंच अडकलं होतं. कस्टमरच्या कॉलवर उत्तर द्यायला मी एकटा उरलो होतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

टूलरूमवाला खोटं बोलत नसतो, हे आधी समजून घ्या. तो स्वतःच्या मशीनवरचं काम मोजतो. कोअर-कॅव्हिटीचं (मोल्डच्या दोन मुख्य भागांचं) रफिंग, म्हणजे ढोबळ कटिंग उरकलं की त्याच्या लेखी बरंच काम झालेलं असतं. उरतं ते त्याच्या हाताबाहेरचं. हार्डनिंग (स्टील कडक करायची हीट ट्रीटमेंट) बाहेर, टेक्श्चर बाहेर, पॉलिशचा कारागीर दुसऱ्याच मोल्डवर बसलेला. हार्डनिंगमध्ये स्टीलचं माप थोडं हलतं, म्हणून शेवटचं फिनिशिंग त्यानंतरच होतं. मग स्पार्क (इलेक्ट्रोडने ठिणग्या पाडून कोरणं), मग स्पॉटिंग (मोल्डचे भाग एकमेकांवर नीट बसतात का ते जुळवणं). यातलं एक लांबलं की पुढचं सगळं लांबतं.

म्हणून टक्के विचारूच नका. हीट ट्रीटमेंटचं चलन कुठल्या तारखेचं आहे? इलेक्ट्रोड किती तयार, किती बाकी? ट्रायलला किती टनाचं मशीन ठरलंय? मटेरिअल पोचलं का? फोटो मागवा, आणि आठवड्यातून एकदा तरी स्वतः जाऊन या. भोसरीत बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर चेन्नईचा कस्टमर त्याच दिवशी अपडेट मागतो. प्लॅनच्या कॅलेंडरमध्ये हे आधीच टाका.

आता पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटबद्दल. पदवीधरांना त्यासाठी प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव वाढवून दाखवून फॉर्म भरून देणाऱ्या क्लासवाल्यांपासून लांब राहा. अर्जांची तपासणी होऊ शकते, आणि मुलाखतीत दोन प्रश्नांत सगळं उघडं पडतं. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांत सर्टिफिकेटपेक्षा एखादा जुना टूलरूम सुपरवायझर जास्त शिकवतो. त्याच्याबरोबर चहा प्या, त्याला वेडेवाकडे प्रश्न विचारा. अशी माणसं मनापासून सांगतात.

इंग्रजी कॉलची धास्ती वाटत असेल तर घाबरू नका, ती काही महिन्यांत जाते. डिप्लोमा आहे म्हणून मागे राहाल, असंही नाही. ड्रॉइंग वाचता येणारा प्रोजेक्टवाला कस्टमरला हवाच असतो.

तारीख हुकणार असं दिसलं तर त्याच दिवशी कस्टमरला फोन करा. काय अडलंय, कुणाकडे अडलंय आणि नवी तारीख कशावरून काढली ते सांगा आणि लगेच मेलवर टाका. तो रागावेल. तरीही ट्रायलच्या आदल्या संध्याकाळपर्यंत थांबू नका, कारण तोवर त्याच्या असेंब्ली लाइनचा प्लॅन लागून गेलेला असतो.