एम.एड. की एम.ए. शिक्षणशास्त्र? मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी अर्जापासून लघुशोधप्रबंधापर्यंत

शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घ्यायची तर दोन वाटा आहेत: एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र. नावं सख्ख्या बहिणींसारखी वाटतात, पण दोन्ही पदव्यांचा उपयोग वेगळा आहे. चुकीची पदवी घेतली की त्याचा उलगडा दोन वर्षांनी, नोकरीची जाहिरात वाचताना होतो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: ही पदवी मला नेमकी कशासाठी हवी आहे? अध्यापक महाविद्यालयात शिकवायला, पुढे पीएच.डी. करायला, की आपल्याच वर्गातलं शिकवणं सुधारायला?

एम.एड. ही व्यावसायिक पदवी आहे. तिच्यावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचं, म्हणजे एनसीटीईचं नियंत्रण असतं. २०१४च्या नियमावलीनंतर ती दोन वर्षांची, चार सत्रांची आणि ८० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) झाली. प्रवेशासाठी बी.एड.ला किमान ५० टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत मिळते. हजेरीची अट कडक आहे: तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, क्षेत्रीय कार्याला ९० टक्के. एनसीटीईने २०२५मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा काढला आणि त्यात एक वर्षाचं एम.एड. सुचवलं. त्यामुळे तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना. मागच्या बॅचच्या मित्राने सांगितलेला कालावधी गृहीत धरू नका.

एम.ए. शिक्षणशास्त्राला बी.एड. लागतेच असं नाही, पदवीधरालाही प्रवेश मिळतो. ही पदवी दूरस्थ पद्धतीनेही करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा असा अभ्यासक्रम आहे आणि तिथे जानेवारी व जुलै अशा दोन वेळा प्रवेश होतात. रोज शाळेत हजर राहणाऱ्या शिक्षकासाठी हीच वाट सरळ आहे.

आता सर्वांत जास्त फसगत कुठे होते ते पाहा. बी.एड. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर नुसतं एम.एड. पुरत नाही. मराठी, गणित, विज्ञान, इतिहास अशा विषयाची अध्यापनपद्धती शिकवायची असेल तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि एम.एड.ही ५५ टक्क्यांनी लागतं. शिवाय नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा) किंवा नियमात बसणारी पीएच.डी. हवी. म्हणजे बी.एस्सी. बी.एड. झालेल्या शिक्षकाने एम.एड.ला ७० टक्के काढले, पण एम.एस्सी. केलंच नाही, तर त्याचा अर्ज छाननीतच बाद होतो. तुमची अशी स्थिती असेल तर विषयाची पदव्युत्तर पदवी आधी घ्या, किंवा दोन्ही एकाच वेळी करा. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने २०२२पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मुभा दिली आहे: एक नियमित आणि दुसरी दूरस्थ चालते, दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत.

नोकरीतल्या शिक्षकांनी परवानगी आधी काढावी, प्रवेश नंतर घ्यावा. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा क्रमाने शिक्षणाधिकारी कार्यालयात जातो. खासगी अनुदानित शाळेत संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. अर्जात अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठ, पद्धत (नियमित की दूरस्थ) आणि कालावधी स्पष्ट लिहा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोचप्रत जपून ठेवा. फाईल महिनोन्महिने एखाद्या टेबलावर पडून राहते, तेव्हा ती हलवायला हीच प्रत उपयोगी पडते. विनापरवानगी घेतलेल्या पदवीची सेवापुस्तिकेत नोंद घेताना अडचण येते आणि ती निस्तरायला पुढची काही वर्षं जातात.

नियमित एम.एड. करायचं तर रजा घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती मिळाली नाही तर असाधारण रजेचा विचार करा. ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ असं सांगणारं कॉलेज भेटलं तर तिथून सरळ परत फिरा. एकाच तारखेला शाळेच्या हजेरीपटावर सही आणि कॉलेजच्या हजेरीपटावरही सही, हा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करता. त्यात पदवीही जाते आणि नोकरीवरही गदा येते. शिवाय ज्या मुलांच्या नावाने आपण शिकायला निघालो, त्यांचा तास त्या दिवशी कोणी घेतलेला नसतो, हे विसरू नये.

एम.एड.चा प्रवेश राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षामार्फत होतो. परीक्षा १०० गुणांची, १०० बहुपर्यायी प्रश्नांची, संगणकावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. तयारीला बी.एड.चीच पुस्तकं पुरतात, फक्त मानसशास्त्र आणि मूल्यमापन नीट वाचा. परीक्षेनंतर केंद्रीय प्रवेश फेरीसाठी वेगळी नोंदणी असते. ती राहून जाते आणि सीईटीत चांगले गुण असूनही नाव यादीत येत नाही, हे नेहमीचं आहे. पसंतिक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेज तीन ठिकाणी तपासा: एनसीटीईच्या मान्यताप्राप्त यादीत, विद्यापीठाच्या संलग्नता यादीत आणि सीईटी कक्षाच्या फेरीच्या यादीत. एका ठिकाणीही नाव नसेल तर ते कॉलेज सोडा.

विद्यापीठाची हद्दही ध्यानात घ्या. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत; नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. अंबाजोगाईहून लातूर जवळ पडतं म्हणून अनेक जण तिकडे प्रवेश घेतात. त्यात गैर काही नाही, मात्र विद्यापीठ बदललं की जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र ही दोन कामं वाढतात. ती पहिल्या सत्रातच उरका, नाहीतर निकाल राखून ठेवला जातो.

कागदपत्रांत नडतात ती दोन-तीनच. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं. जातवैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर राखीव जागेवरचा प्रवेश टांगणीला लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांनी राजपत्राची प्रत सोबत ठेवावी. गुणपत्रकावर एक आडनाव आणि आधारवर दुसरं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्जही अडतो. बी.एड.ला श्रेणी पद्धत असेल तर टक्केवारीचं रूपांतर विद्यापीठाकडून लेखी घ्या.

लघुशोधप्रबंध: खरं काम इथे आहे

तासिका, चाचण्या, सेमिनार हे सगळं बी.एड.सारखंच पार पडतं. दमछाक होते ती लघुशोधप्रबंधाने, कारण बहुतेक जण त्याला तिसऱ्या सत्रात हात घालतात. विषय पहिल्या सत्रातच धरा, आणि तो स्वतःच्या वर्गात शोधा. एम.ए.ला प्रकल्प असेल तरी हेच लागू.

पहिली चूक शीर्षकात होते. ‘मराठवाड्यातील प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या गणित विषयातील अडचणींचा चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक आठ जिल्ह्यांचं, पहिली ते पाचवीचं आणि अख्ख्या गणिताचं झालं. एका माणसाला ते दहा वर्षांतही पेलणार नाही. त्याला चार कात्र्या लावा: जागा, इयत्ता, घटक, आणि काय मोजणार. मग ते असं होतं: ‘केज तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांतील इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या हातच्याच्या वजाबाकीतील चुकांचा अभ्यास’. आता चार शाळा, साठ मुलं आणि वीस उदाहरणांची एक चाचणी एवढ्यात काम बसतं.

चाचणी अशी बांधा: पाच उदाहरणं बिनहातच्याची, पाच एकदा हातचा घ्यावा लागेल अशी, पाच दोनदा हातचा घ्यावा लागेल अशी आणि पाच मध्ये शून्य असलेली. ही शेवटची पाच सर्वांत जास्त बोलतात. ५०३ वजा २६७ घ्या. बरोबर उत्तर २३६. ज्या मुलाने ३६४ लिहिलं, तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. वरचा कोणता, खालचा कोणता याच्याशी त्याला घेणं नाही. ज्याने २४६ लिहिलं, त्याला हातचा कळलाय. त्याने पाचाचे चार केले, शून्याचे दहा केले, पण त्या दहातून एक एककाला दिला हे विसरून नऊऐवजी दहातूनच सहा वजा केले. ज्याने ३०० लिहिलं, तो ‘तीनातून सात जात नाहीत’ म्हणून तिथे शून्य मांडून मोकळा झाला. फक्त ‘चूक’ असा शेरा मारून गुण मोजले तर तिघेही सारखेच दिसतात. उत्तर जसंच्या तसं नोंदवलं तर तिघांना तीन वेगळे उपाय लागतात हे कळतं. म्हणून माहितीच्या तक्त्यात गुणांसोबत मुलाने लिहिलेलं उत्तरही उतरवा. संशोधनाचा जीव या रकान्यात आहे.

साधन, म्हणजे चाचणी किंवा प्रश्नावली, आधी दुसऱ्या शाळेतल्या दहा-बारा मुलांवर चालवून पाहा. एका तासिकेत संपतं का, सूचना कळतात का, छपाईत अंक नीट दिसतात का, एवढं कळलं तरी पुरे. प्रश्नावली वापरणार असाल तर नकारार्थी विधानांचे गुण उलटे करायला विसरू नका: पंचबिंदू श्रेणीत (१ ते ५ गुणांच्या) ६मधून मिळालेला गुण वजा करा. हे राहून गेलं की साधनाची विश्वसनीयता घसरते आणि दोष विधानांत शोधत बसावं लागतं.

दुसरी चूक वेळापत्रकाची, आणि ही मराठवाड्यात हमखास होते. प्रायोगिक अभ्यासात पूर्वचाचणी (उपक्रमाआधीची) जुलैत आणि उत्तरचाचणी (उपक्रमानंतरची) डिसेंबरात ठेवली जाते. पण बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, आणि त्यांच्यासोबत वर्गातली मुलंही जातात. समजा, पूर्वचाचणीला ४० मुलं होती आणि उत्तरचाचणीला २७ उरली. गेलेली १३ मुलं आधीच मागे पडलेली असतील तर काहीही न शिकवता वर्गाची सरासरी वर चढते, आणि तुम्ही त्याचं श्रेय आपल्या उपक्रमाला देता. परीक्षकाने हे विचारलं की उत्तर राहत नाही. उपाय सोपा आहे: पूर्वचाचणी, उपक्रम आणि उत्तरचाचणी हे सगळं जुलै ते सप्टेंबर या काळात उरका, किंवा तुलना फक्त दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच करा आणि गळालेल्या मुलांचे पूर्वचाचणीचे गुण वेगळे दाखवा. स्थलांतर हाच अभ्यासविषय करायचा असेल तर हंगामी वसतिगृहात मागे राहिलेली मुलं आणि टोळीसोबत गेलेली मुलं यांची तुलना फार मोलाची आहे; त्यावर काम करायला शिक्षकाइतकी योग्य जागा कोणाचीच नाही. तांड्यावरच्या शाळेत असाल तर घरी गोरमाटी (बंजारा बोली) आणि वर्गात मराठी, हाही असाच हाताशी असलेला विषय आहे.

संख्याशास्त्राला घाबरायचं कारण नाही. लघुशोधप्रबंधाला मध्यमान, प्रमाण विचलन, टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक तपासणारं) आणि सहसंबंध गुणांक एवढं बहुधा पुरतं. पण योग्य टी वापरा. तीस-तीस मुलांचे दोन वेगळे गट असतील तर स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ५८ येते आणि ०.०५ स्तरावर टी-मूल्य साधारण २.०० ओलांडावं लागतं. त्याच तीस मुलांची पूर्व आणि उत्तर चाचणी असेल तर मात्रा २९ आणि मूल्य २.०४५. एकाच गटाला दोन गटांचं सूत्र लावणं ही तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त पकडली जाणारी चूक आहे. शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘फरक नाही’ या गृहीतकाचा, ‘त्याग’ झाला की नाही हे लिहून थांबू नका. सरासरी किती गुणांनी वाढली तेही लिहा. साठ मुलांत फरक ‘सार्थ’ येऊनही तो दीड गुणाचाच असू शकतो.

संबंधित साहित्याचा आढावा दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. दहा प्रबंध खरोखर वाचा आणि प्रत्येकासाठी एका पानावर उद्दिष्ट, नमुना, साधन, निष्कर्ष आणि ‘माझ्या अभ्यासाशी फरक’ लिहा. हा शेवटचा मुद्दा नसेल तर आढावा म्हणजे नुसती यादी होते.

मार्गदर्शकांकडे महिन्यातून किमान एकदा लिहिलेली पानं घेऊन जा, नुसती अडचण घेऊन नको. शाळांकडून माहिती घेण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि अहवालात मुलांची नावं टाळून क्रमांक द्या.

नेटची तयारी दुसऱ्या वर्षातच सुरू करता येते. पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही पात्र असतात. पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा शिक्षणशास्त्राचा १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास. एम.एड.चे तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि संशोधन पद्धतीचे पेपर नीट झाले असतील तर दुसऱ्या पेपरची बरीच तयारी तिथेच होते.

तोंडी परीक्षेला प्रबंधासोबत कच्च्या उत्तरपत्रिका आणि माहितीचा मूळ तक्ताही घेऊन जा. निकाल लागला की गुणपत्रकाची साक्षांकित प्रत, परवानगीचं पत्र आणि विनंती अर्ज एकत्र जोडून सेवापुस्तिकेतली नोंद लगेच करून घ्या, आणि नोंद झालेल्या पानाची छायांकित प्रत आपल्याकडे ठेवा.