जुने मल्याळम आकडे टाइप करायला बसण्याआधी

जुन्या मल्याळम पुस्तकातले आकडे संगणकावर आणायचे असतील, तर आधी एवढं हाताशी ठेवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) आणि मूळ फाइलची वेगळी प्रत, हे सांगायला नको.

पुस्तक चाळून आकडे कोणते आहेत ते बघा. आजच्या मल्याळम छपाईत सर्रास इंग्रजी आकडेच असतात, मग काही प्रश्नच नाही. मल्याळम अंक असतील तर त्यांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक, ०डी६६ ते ०डी६एफ (रोमनमध्ये 0D66 ते 0D6F). देवनागरीचे ०९६६ ते ०९६एफ. शेवटची दोन स्थानं तीच, त्यामुळे आपल्याला लक्षात ठेवायला सोपं.

आता शून्य. इथे घाई करू नका. मल्याळममध्ये अनुस्वार डोक्यावर बसत नाही, अक्षराच्या पुढे लहान वर्तुळ म्हणून येतो. शून्यही तसंच वर्तुळ. शून्य ०डी६६, अनुस्वार ०डी०२. मागच्या खेपेला मी हे तपासलं नाही. केरळच्या जुन्या कालगणनेतलं कोल्लम वर्ष १०९५, म्हणजे इसवी सन १९१९-२०, मी एकानंतर अनुस्वार देऊन टाइप केलं होतं. तीन वेळा प्रूफ वाचलं, पडद्यावर सगळं बरोबर. प्रोग्रॅमने मात्र त्यातून १ आणि ९५ असे दोन आकडे काढले. अशी पानंच्या पानं पुन्हा करावी लागली. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, क्रमांक बघा.

उलटंही होतं. ‘केरळम्’च्या शेवटी अनुस्वाराऐवजी शून्य पडलं तर शब्द दिसतो नीट, पण शोधला की सापडत नाही. म्हणून दोन शोध आधीच लिहून ठेवा: अंकाला चिकटलेला अनुस्वार आणि अक्षराला चिकटलेलं शून्य. सरसकट बदल मात्र करू नका. ‘पहिला’, ‘दुसरा’ अशा अर्थाने अंकापुढे ‘आम्’ लावतात, तिथला अनुस्वार खराच असतो. तो ‘आ’च्या कान्यानंतर येतो, थेट अंकानंतर नाही.

फॉन्टही तपासा, तेही शून्यासाठीच. युनिकोडच्या सुरुवातीच्या तक्त्यात शून्याच्या जागी चुकून पाव या अपूर्णांकाचं चिन्ह छापलं गेलं होतं. पुढे ते सुधारलं, पण त्या काळातल्या फॉन्टमध्ये शून्य टाइप केलं की पाव दिसू शकतो. रचना किंवा मंजरी घ्या.

चार आणि नऊसुद्धा फसवतात. चार हा ‘र्’च्या चिल्लू अक्षरासारखा (स्वर नसलेल्या व्यंजनाचं स्वतंत्र अक्षर) दिसतो, नऊ हा ‘न्’च्या. तेही शोधात घाला.

जुन्या पद्धतीत दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत: ०डी७०, ०डी७१, ०डी७२. वीस म्हणजे ‘दोन’ आणि पुढे ‘दहा’चं चिन्ह; त्यात शून्य नाहीच, म्हणून घालूही नका. संगणक या चिन्हांना दशमान अंक धरत नाही, बेरीज हवी असेल तर रूपांतर वेगळं लिहावं लागतं.

अपूर्णांक म्हणजे आपल्या पावकी-निमकीचेच भाऊबंद. पाव, अर्धा, पाऊण ही एकेक स्वतंत्र अक्षरं २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीने घेतली. एक-सोळांशपासून पार एक-एकशेसाठांशपर्यंतची २०१६ मध्ये, ९.० ने. जुन्या फॉन्टमध्ये तिथे रिकामे चौकोन दिसतील. युनिकोडच्या सामान्यीकरणाने (सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची ठरलेली प्रक्रिया) यांतलं काहीही, साधे अंकसुद्धा, इंग्रजी आकड्यांत बदलत नाही. कोणत्या चिन्हाचा कोणता आकडा, हा तक्ता स्वतः करा.

बाकी नेहमीचं. फाइल देण्याआधी ते दोन शोध पुन्हा चालवा. आधी चालवले असतील तरी.