काळा दगड एक्स-रे बीमखाली ठेवताय? आधी या चुका टाळा

साताऱ्यात काळ्या दगडाला काय तोटा नाय, म्हणून आम्ही एका खडी क्रशरवरनं चार तुकडे उचलून आणले आणि ठरवलं की अणुकचऱ्यातलं सीझियम, स्ट्रॉन्शियम असल्या दगडात अडकतं की पाण्याबरोबर पुढं पळतं ते बघू. (घाबरू नका, साधं, किरणोत्सारी नसलेलं सीझियम वापरायचं, रासायनिक वागणूक तीच.) दगड त्या द्रावणात बुडवायचा आणि मग त्यावर एक्स-रे मारायचे; प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक एनर्जीचे एक्स-रे परत सोडतं, त्यालाच त्याची रेषा म्हणतात, आणि त्यावरनं कुठं काय अडकलंय त्याचा नकाशा निघतो.

पहिला घोळ काचेचा. ३० मायक्रॉनचा पातळ काप साध्या स्लाइडवर चिकटवला, एक्स-रे दगडातनं आरपार गेले आणि काचेतलंच स्ट्रॉन्शियम चमकायला लागलं, आम्ही मात्र खूश! क्वार्ट्झची स्लाइड घ्या. आणि बसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या दगडात, मूळचंही स्ट्रॉन्शियम असतं, त्यामुळं न बुडवलेला कोरा तुकडा आधी स्कॅन केल्याशिवाय काहीच बोलू नका.

सगळ्यात जास्त फसवलं ते टायटॅनियमनं. आपल्या दख्खनच्या दगडात ते भरपूर, त्याची मुख्य रेषा ४.५१ केइव्हीला (एक्स-रेच्या एनर्जीचं एकक), सीझियमची एल-रेषा ४.२९ ला, इतकी जवळ की डिटेक्टर दोन्ही एकात मिसळतो आणि नुसता चॅनल (एनर्जीची एक ठराविक पट्टी) लावून नकाशा काढला तर इल्मेनाइटचे (टायटॅनियमवाल्या खनिजाचे) कण सीझियम म्हणून लाल दिसतात. बीमची एनर्जी कमी करून टायटॅनियम टाळू म्हणाल तर तेही जमत नाय, कारण त्याची एज (ज्या एनर्जीच्या वर गेल्यावरच ती रेषा उमटते ती हद्द) सीझियमच्या एल-३ एजच्या जराशी खालीच आहे. म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा स्पेक्ट्रम फिट करून एकमेकांत मिसळलेल्या रेषा वेगळ्या करायलाच लागतात, कंटाळा आला तरी. ग्रॅनाइटवाल्यांना हाच ताप युरेनियम आणि रुबिडियमचा, त्यांच्या रेषा १३.६१ नि १३.४० केइव्हीला.

युरेनियम करणाऱ्यांनी अजून एक बघा. जमिनीखाली खोलवर ऑक्सिजन जवळपास नसतो, तिथं ते चार व्हॅलन्सीचं आणि पाण्यात जवळपास न विरघळणारं. सॅम्पल उघड्यावर कापून ठेवलं की सहावर जातं, आणि सहावालं विरघळून पळणारं. उलट बीमही कधीकधी सहाचं चार करतो. त्याच ठिकाणी पटपट दोन-तीन स्कॅन घ्या, एज सरकली तर दोष बीमचा, मग बीम मंद करा नायतर जागा बदला.

इंदूरच्या इंडस-२ वर (असा जोरदार एक्स-रे बीम देणारं सिंक्रोट्रॉन यंत्र) वेळ मोजूनच मिळते, त्यामुळं एक चमकदार ठिपका सापडला की सगळे तिथंच बसतात. पण तो कदाचित भेगेतल्या चिकणमातीचा एकच कण असतो, बाकी दगड कोराच. आधी मोठ्या पावलांनी अख्खा काप स्कॅन करा, मग झूम.