‘पायताण’ची पाटी: अक्षरांआधी पोकळ्या बघा

कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, मामांचं दुकान आहे. त्यांना आठ फुटी नवी पाटी हवी होती, नाव ‘पायताण’. मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणून काम माझ्याकडे आलं. तासाभरात संगणकावर केलेला आराखडा मामांनी हात लांब करून बघितला. म्हणाले, “बाळ, हे कुंपण दिसतंय गं. नाव कुठाय?”

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात एका ज्येष्ठ डिझायनर सरांचं व्याख्यान झालं. पत्र्यावर ब्रशने पाट्या रंगवण्यापासून त्यांची सुरुवात. स्वतःची कामं त्यांनी जेमतेम दहा मिनिटं दाखवली. मग फळ्यावर एक शब्द रेखाटला, खडू आडवा धरला आणि अक्षरं तशीच कोरी ठेवून मधल्या जागा भरत गेले. शब्द मागे सरला, पोकळ्या पुढे आल्या. एक ऐसपैस, शेजारची चिंचोळी. मामांचं कुंपण कशामुळे झालं ते मला तिथे कळलं. घरी येऊन तेच करून बघितलं, तुम्हीही करा.

शब्द ट्रेसिंग पेपरवर मोठा उतरवा आणि मऊ पेन्सिलीने फक्त पोकळ्या भरा. ‘पायताण’मध्ये चारही अक्षरांना दंड, म्हणजे अक्षराची उभी रेघ, शिवाय दोन काने. मी सगळी अंतरं पट्टीने सारखी ठेवली होती, चूक तिथेच होती. दंड आणि काना अशा दोन सरळ रेघा शेजारी आल्या की मधली जागा आवळलेली दिसते, म्हणून ती थोडी सैल करा. य आणि त डावीकडून वळणदार. त्यांच्या गोलाईच्या वर-खाली आपोआप जागा सुटते, म्हणून ते मागच्या रेघेजवळ सरकवा. मोजू नका. पोकळ्या सारख्या वजनाच्या दिसेपर्यंत सरकवत राहा. मला अकरा कागद लागले.

शिरोरेषा दंडापेक्षा किंचित बारीक ठेवा. सारख्याच जाडीची आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड वाटते.

खालच्या ओळीत ‘कोल्हापुरी चप्पल’ आहे. पहिल्या ओळीत वर वेलांटी नाही, खाली उकार नाही, त्यामुळे तिथे अक्षर मोठं घेता येतं. दुसरीत मात्रा, वेलांटी, उकार सगळं आहे, म्हणून दोन ओळींमधलं अंतर आधी ठरवा. नाहीतर ‘को’ची मात्रा वरच्या ओळीत घुसते. माझ्या आराखड्यात ‘ल्ह’ही तुटून ल चा पाय मोडला होता. आखणीसाठी इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर जोडाक्षरं नीट जुळण्यासाठी प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि परिच्छेदाला साउथ एशियन कंपोझर लावा. फॉन्ट निवडताना ल मराठी वळणाचा आहे ना, ते बघा. कोल्हापुरातल्या पाटीवर हिंदी वळणाचा ल मला खरंच खटकतो. आणि मंगल फॉन्ट पाटीवर ताणू नका. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यासाठी आखला, तिथे तो चोख आहे.

मग प्रिंट भिंतीला लावून वीस पावलं मागे जा आणि डोळे बारीक करा. मी ती मामांच्या शटरला चिकटवली आणि समोरच्या कट्ट्यावरून बघितली. मामा शेजारी उभे होते. या वेळी त्यांनी एका दमात वाचलं.

आखणी पक्की झाली की ती खऱ्या मापाच्या कागदावर उतरवा, रेघेवर सुईने भोकं पाडा, कागद पत्र्यावर लावून वरून खडूची पूड आपटा. ठिपके उमटतात, पेंटर त्यावरून ब्रश फिरवतो. सरांनी हे जुने पेंटर कसे करायचे ते हातवारे करून दाखवलं होतं. आमच्याकडे ‘ण’ अजून अर्धा इंच डावीकडे यायला हवाय. तो सरकला की आज रात्री कागद टोचायला बसते.