नर्सिंगला प्रवेश आणि पहिलं वर्ष: कोल्हापूरच्या मुलामुलींसाठी

मार्क कमी पडून जागा गेली तर ते समजण्यासारखं आहे. पण मार्क असूनही एखाद्या कागदापायी जागा गेली, की पोरांच्या आणि आईबापांच्याही जिवाला लागतं. म्हणून अभ्यासाआधी प्रवेशाचं बोलू.

एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसविका) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा कोर्स. बीएस्सीसाठी बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं, आणि खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के हवेत. एएनएम फक्त मुलींसाठी आहे. बारावी आर्ट्सची असली म्हणून बीएस्सीसाठी पुन्हा सायन्सला बसून दोन वर्षं घालवू नका. जीएनएम करून पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, आणि वॉर्डातला हात तोवर तयार झालेला असतो. वयाची अटही आत्ताच पाहून ठेवा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण लागतात. जानेवारीत जन्मलेल्या, लवकर शाळेत घातलेल्या मुलांचं इथं वर्ष अडतं.

प्रवेश राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) सेलमार्फत होतो. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी, एएनएम-जीएनएमची वेगळी. सगळ्यात जास्त घात होतो तो तारखांचा. 'आधी बारावीचा निकाल लागू दे, मग बघू' असं घरात ठरतं आणि सीईटीची नोंदणी त्याच्या कितीतरी आधी बंद झालेली असते. बारावीच्या वर्षी डिसेंबरपासून सेलची वेबसाइट दर आठवड्याला पाहायची सवय लावा. फॉर्म नेट कॅफेत भरला तरी मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला तर ओटीपी त्याच्याकडं जातो, आणि ऐन प्रवेशफेरीत दुकान बंद असलं की तुमचा कॉलेजांचा पर्याय भरायचा राहतो. अभिमत विद्यापीठातल्या जागांसाठी त्या विद्यापीठाची जाहिरात स्वतंत्र पाहावी लागते. दहावी किंवा बारावी निपाणी-चिकोडीकडं, म्हणजे कर्नाटकात झाली असेल, तर माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा भाग आधी वाचा आणि मगच पैसे भरा.

बीएस्सीची सीईटी १०० प्रश्नांची, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड यांचे प्रत्येकी २० प्रश्न. एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बायॉलॉजी आणि अ‍ॅप्टिट्यूड आधी उरका, फिजिक्सची गणितं शेवटी. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीच्या २० मार्कांकडं पाठ फिरवू नये. रोज एक उतारा वाचून त्यावरचे प्रश्न सोडवले, तर हे मार्क फिजिक्सपेक्षा स्वस्तात मिळतात.

आता कागद. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव जागेतून जाणाऱ्यांना जातीचा दाखला, जात पडताळणी आणि लागू असेल तिथं नॉन-क्रीमीलेअर. उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर या दाखल्यांसाठी अर्ज आपले सरकार केंद्रावर करता येतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून प्रमाणपत्र काढताना ते कुठल्या ३१ मार्चपर्यंत चालेल हे काउंटरवरच वाचून घ्या.

खरा वेळ खाणारा कागद म्हणजे जात पडताळणी, म्हणजेच व्हॅलिडिटी. अकरावीतच कॉलेजच्या पत्रासह अर्ज टाका. समितीला वडिलांकडच्या नातेवाइकांचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि ओबीसींसाठी १९६७ च्या आधीचा. म्हणजे बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. तो आजोबा ज्या गावात शिकले तिथल्या प्राथमिक शाळेत मिळतो, आणि जुनं रजिस्टर शोधून घ्यायला गुरुजींकडं दोन-तीन चकरा माराव्या लागतात, म्हणून उन्हाळी सुट्टी लागायच्या आत जा. उताऱ्यावर आडनाव वेगळं असेल, 'दत्तू'चं 'दत्तात्रय' झालेलं असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. चुलते, आत्या, सख्खा भाऊ यांपैकी कुणाकडं व्हॅलिडिटी असेल तर तिची प्रत वंशावळीसह लावा, काम पुष्कळ हलकं होतं.

मुलींच्या पालकांनी एक शासन निर्णय लक्षात ठेवावा. जुलै २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेशफेरीतून मिळालेल्या जागेला आहे. मॅनेजमेंट कोट्यातून बसलेल्या मुलीला ती मिळत नाही. 'फेरीची वाट कशाला बघता, आजच जागा पक्की करा' असा फोन आला तर हे आठवा.

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा दवाखाना बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात बीएस्सीच्या कॉलेजला १०० खाटांचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थ्यामागं तीन रुग्ण हवेत. सकाळी अकराच्या सुमारास तिथं जाऊन वॉर्डात खरोखर पेशंट आहेत का ते पाहा. रिकाम्या खाटांवर चार वर्षं काढून इंजेक्शनचा हात बसत नाही. राज्य परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे त्या-त्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः शोधा. माहितीपत्रकातल्या शिक्क्यावर विसंबू नका. पर्याय भरताना आवडीचा क्रम लावा, मिळेल तो नव्हे. आणि स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा फॉर्म भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर, हे समजूनच सही करा.

पहिलं सेमिस्टर

बीएस्सीला आता आठ सेमिस्टर असतात. पहिल्यात इंग्रजी, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा पेपर एकच, ७५ मार्कांचा, ३७ आणि ३८ असे दोन भाग. चित्रं सोपी वाटतात म्हणून अ‍ॅनाटॉमी घोकणारी आणि फिजिऑलॉजी परीक्षेच्या आठवड्यावर ढकलणारी मुलं इथं अडकतात. एकेक अवयव दोन्ही बाजूंनी करा. हृदयाचे कप्पे आणि झडपा काढल्या त्याच संध्याकाळी रक्ताचा प्रवास आणि हृदयाचं ठोक्याचं चक्र लिहून काढा.

शब्दांची भीती तोडण्यासाठी शब्द फोडायला शिका. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं, 'ऑटॉमी' म्हणजे छेद, 'ऑस्टॉमी' म्हणजे नवं तोंड करणं. 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद. असे साठ-सत्तर तुकडे पाठ झाले की जाड पुस्तक निम्मं मवाळ होतं. 'हायपो' (कमी) आणि 'हायपर' (जास्त) मात्र कानाला सारखेच लागतात, ते फोनवर ऐकून कधीच लिहू नका.

हजेरीचा हिशेब सुरुवातीलाच मांडा. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के लागतात. अ‍ॅनाटॉमीचे ६० तास असतात, म्हणजे फार तर १२ तास चुकवता येतात. क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे तास पदवी हातात पडायच्या आत शंभर टक्के भरून द्यावे लागतात. पहिल्याच सेमिस्टरला फाउंडेशनचे १६० तास आहेत. सुटलेली ड्युटी सुट्टीत भरावी लागते. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याशी ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की शहराबाहेरून येणाऱ्यांचे रस्ते एकेक करून बंद होऊ लागतात. पावसाळ्यात सेमिस्टर चालू असेल तर तुमची गैरहजेरीची सवलत पुरासाठी राखून ठेवा, लग्नाकार्यांत संपवू नका. आजरा, चंदगडहून रोज ये-जा करायचा विचारही नको. हॉस्टेल नाहीतर दवाखान्याजवळची खोली बघा.

वॉर्डात पाऊल टाकताना

सेकंदकाटा असलेलं खिशाला अडकवायचं घड्याळ, पेनटॉर्च, छोटी कात्री, मोजपट्टी, खिशात मावणारी वही. अंगठी, बांगड्या, वाढलेली नखं नकोत. प्रवेश झाल्याबरोबर हिपॅटायटिस बीचे तीन डोस सुरू करा, पहिला आज, दुसरा एक महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. उशीर केला तर लस पूर्ण व्हायच्या आधीच सुया हाताळायची वेळ येते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, बोटाला टोचतं ते बहुतेक तेव्हाच. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. बोलणी बसतील म्हणून कुणी लपवू नये.

जर्नल आणि लॉगबुकवर त्याच दिवशी सही घ्या. महिन्याच्या शेवटी वीस सह्या मागायला गेलात, तर मॅडमची बदली झालेली असू शकते आणि केलेलं काम न केल्यासारखं होतं.

केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्यात हमखास होणारी चूक म्हणजे डॉक्टरांचं निदान नर्सिंगच्या रकान्यात लिहिणं. 'न्यूमोनिया' हे नर्सिंगचं निदान नव्हे. 'चिकट कफामुळं श्वासमार्ग मोकळा ठेवता न येणं, पुरावा: घरघर, खोकल्याला जोर नसणं' हे निदान. असं लिहिलं की पुढचं काम आपोआप सुचतं: उशाकडची बाजू उंच करणं, वाफ, पाणी, खोकायला शिकवणं.

औषधांच्या गणितात मार्क जातात, आणि पुढं तिथंच माणसाचा जीवही जाऊ शकतो. सलाईनचं सूत्र: मिलिलिटर गुणिले सेटचा (सलाईनच्या नळीचा) ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका मिलिलिटरचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिलि चार तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा: ५०० × २० ÷ २४० = ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर १५ लिहिलं असेल तर हेच उत्तर ३१ होतं, म्हणून पाकीट वाचल्याशिवाय फेकू नका. मायक्रो सेट ६० थेंबांचा. तासांची मिनिटं करायला विसरणं आणि मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये घोळ, या दोन चुका सर्वांत जास्त. इन्सुलिनचं तर डोळ्यांत तेल घालून बघा. ४० युनिटच्या (मिलिलिटरला ४०) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं '१०' खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटच्या अंगात २५ युनिट जातात.

बीपी घेताना बाही वर सारा, कफ (दंडाचा पट्टा) कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर बांधा, आधी नाडी बंद होईपर्यंत फुगवा आणि तिथून ३० मिलिमीटर वर न्या, मग सेकंदाला २ मिलिमीटरच्या गतीनं सोडा. लठ्ठ दंडाला लहान कफ बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं.

आणि बोलणं. कोल्हापुरात शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याचे पेशंट येतात, सीमाभागातले काही कन्नड बोलतात. 'तुम्ही उपाशी आहात का?' असं ऑपरेशनआधी आज्जींना विचारलं, तर 'व्हय, सकाळधरनं पोटात कायबी न्हाई' असं उत्तर मिळतं, आणि खरं म्हणजे सहाला दुधाचा चहा झालेला असतो, कारण चहाला कुणी खाणं मानत नाही. तेव्हा एकेक विचारा: 'आज्जी, चहा घेतलायसा? दूध? पाणी किती वाजता? मिसरी लावलीया?' दुधाच्या चहानंतर सहा तास, नुसत्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. जे ऐकलं ते वेळेसह कागदावर लिहा आणि लगेच सिस्टरना सांगा.