नवा कोच आला की वाद असा घाला

आपल्या फुटबॉल क्लबने नवा कोच जाहीर केला की पहिल्या तासाभरात कोणी काय बोललं ते मनावर घेऊ नका. तो तास "कोण हा?" आणि "आपल्याला हाच मिळाला?" एवढ्यासाठीच असतो. घसा मोकळा करून घ्या. खरा वाद त्यानंतर सुरू होतो आणि तो घालायची एक रीत आहे. मी मुंबई सिटीची, अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात बसणारी. माझा मामेभाऊ मडगावचा, एफसी गोवाचा कट्टर. कोचवरून आमची वर्षानुवर्षं जुंपते आणि तरी आम्ही एकमेकांकडे जेवायला जातो, तेव्हा ही रीत चालते असं समजा. उदाहरणं अर्थात माझ्या क्लबचीच देणार.

आधी ओपनिंग बॅलन्स

मी ऑडिटच्या कामातली बाई. गेल्या वर्षीची शिल्लक बघितल्याशिवाय यंदाचा नफा-तोटा मी मानत नाही, आणि कोचलाही हाच नियम लावते. वहीत एक पान घ्या, वर त्याचं नाव लिहा. खाली लिहा: आधीचा का गेला? त्याला काढला, करार संपला, की दुसऱ्या कोणी उचलला? नवा हंगामाआधी आला की मध्येच? कोणते खेळाडू आले, कोणते गेले? हे पान भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

२०२० साली सर्जिओ लोबेरा, आधी एफसी गोवाचा कोच असलेला, आमच्याकडे आला तेव्हाचं पान बघा. हंगामाआधी आला. गोव्यातले त्याचे अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बूमूस आणि मंदार राव देसाईही आमच्याकडे आले. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, म्हणजे तिजोरीही उघडी. त्या हंगामात लीग शील्ड (लीग टेबलमध्ये पहिलं येणाऱ्याला मिळतं ते) आणि कप (त्यानंतरच्या प्लेऑफ सामन्यांतून फायनल जिंकणाऱ्याचा) दोन्ही आले. तो हुशार होताच, पण खात्यात जमाही भरपूर होती.

आता पुढच्याच वर्षीचं पान. डेस बकिंगहॅम आला ऑक्टोबर २०२१ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला. बूमूस आणि गोलकीपर अमरिंदर सिंग कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला गेलेले, स्ट्रायकर ओगबेचे हैदराबादला. या ओगबेचेने तिकडे त्या हंगामात लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल केले. "लोबेराने दोन ट्रॉफ्या दिल्या, याने काय दिलं?" असं विचारणाऱ्याच्या पुढ्यात ही दोन पानं ठेवायची आणि चहा मागवायचा.

मधल्या हंगामात येणाऱ्याचं पान आणखी वेगळं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेला. तो ऑक्सफर्डचाच, गावच्या क्लबने बोलावल्यावर कोण थांबेल? डिसेंबरमध्ये पेत्र क्रॅटकी आला, तो दुसऱ्याने निवडलेला संघ घेऊन. अशा माणसाकडून पहिल्या महिन्यात "स्वतःचं फुटबॉल" मागणं म्हणजे उगाच छळ.

नावाला किती मार्क द्यायचे

शून्य. दोन्ही बाजूंनी शून्य. मोठं नाव म्हणून नाचू नका आणि अनोळखी नाव म्हणून नाक मुरडू नका. आमच्याकडे इंग्लंडचा जुना खेळाडू पीटर रीड कोच होऊन गेला. २०१५ मध्ये फ्रान्सचा स्टार निकोला अनेल्का खेळाडू आणि कोच अशा दोन्ही टोप्या घालून उभा होता. दोघांनाही पहिल्या चारात जाता आलं नाही. जॉर्ज कोस्टा पोर्तोचा कप्तान, २००४ ची चॅम्पियन्स लीग उचललेला माणूस. त्याच्या हाताखाली मार्च २०१९ च्या सेमीफायनलला अंधेरीत गोव्याने आमच्यावर ५-१ मारले. त्या दिवशी गोव्याच्या बाकावर लोबेरा होता, हे मामेभाऊ दर दिवाळीला आठवण करून देतो.

आणि अलेक्झांड्रे गिमारेस? कोस्टारिकाला दोन वर्ल्ड कपला नेलेला कोच. २०१६ मध्ये त्याने आम्हाला लीगमध्ये पहिलं आणलं आणि पुढच्याच हंगामात सातवं. माणूस तोच, अनुभव तोच. नावावरून भविष्य सांगणाऱ्याला हे उदाहरण द्या, तो विषय बदलेल.

त्याचे जुने सामने कसे बघायचे

हायलाइट्स बघू नका. त्यात गोल दिसतात, कोच दिसत नाही. जुन्या क्लबचा एक पूर्ण सामना बघा, शक्यतो हरलेला. गोल किक कशी घेतात, जवळ की लांब? चेंडू गेला की पुढची चार-पाच सेकंदं सगळे धावतात की मागे सरकतात? साइडबॅक (कडेचे बचावपटू) आत येतात की रेषेला चिकटतात? मागे असताना पहिला बदल कितव्या मिनिटाला? एवढं टिपलंत तरी स्टँडमधल्या निम्म्या लोकांपेक्षा तुम्हाला जास्त कळलं.

आमच्या क्लबला आणखी एक गोष्ट लागू होती. बकिंगहॅम आणि क्रॅटकी दोघेही मेलबर्न सिटीच्या कोचिंग स्टाफमधून आले, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपच्याच क्लबमधून. ग्रुपकडे आमचा हिस्सा होता तोवर (तो त्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये सोडला) इथे आधी खेळायची पद्धत ठरायची, मग त्यात बसणारा कोच शोधायचे. पद्धतच पटत नसेल तर मालकांशी भांडा. "हा तर नुसता असिस्टंट होता" हा आक्षेप रास्त आहे, पण तो त्यांच्याकडे न्यायचा. बिचाऱ्या नव्या माणसाने फक्त नोकरी स्वीकारलेली असते.

भारतीय खेळाडूंचं काय झालं ते विचारा

माझ्या मते वादातला सगळ्यांत मोठा मुद्दा हाच आणि तोच सगळ्यांत शेवटी निघतो. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, मैदानावर एका वेळी चारच परदेशी. म्हणजे सात जण इथले. परदेशी स्ट्रायकर पैसे देऊन आणता येतो; सात जणांना वर न्यायचं काम कोचचं. आमचा विंगर लालियनझुआला छांगतेचं बघा. जानेवारी २०२२ मध्ये चेन्नईयिनहून आला तेव्हा वेगवान पण बेभरवशाचा म्हणून लोक ओळखायचे. बकिंगहॅमच्या हाताखाली तो २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे मला एका ट्रॉफीइतकंच वाटतं. मामेभावाला वाटत नाही. तो म्हणतो, "ट्रॉफी शोकेसमध्ये ठेवतात गो ताई, छांगतेला ठेवणार?"

मुदत ठरवा

मुदत नसलेला दावा वादात धरू नये. "बघ, हा चालणार नाही" म्हणणाऱ्याला लगेच विचारा: कधीपर्यंत आणि कशात? माझं माप असं: खेळण्याची पद्धत दिसायला दहा सामने, निकालांना एक पूर्ण हंगाम. मध्येच आलेल्याला पुढचा हंगामसुद्धा द्यायचा.

बकिंगहॅमचंच घ्या. पहिल्या सामन्यात गोव्याला ३-०. थोड्याच दिवसांत मोहन बागानला, म्हणजे आमचे दोन मोहरे गेले त्याच संघाला, ५-१. डिसेंबरात तो देव होता. मग विजय आटले, संघ पाचवा आला, प्लेऑफ हुकले आणि स्टँडमधले लोक विमानाचं तिकीट काढून द्यायला निघाले. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, विजयी गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. त्या स्पर्धेच्या गटात सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. त्याच्या पुढच्या हंगामात लीगमध्ये सलग अठरा सामने न हरता शील्ड. मार्चमध्ये निकाल लावून बसलेल्यांनी पुढे काय केलं? मोठ्याने टाळ्या वाजवल्या, आणि काय.

प्रतिस्पर्ध्याशी वाद

गोवेकराशी लोबेरावर बोलताना जपून. जानेवारी २०२० च्या शेवटी, शील्ड हातातोंडाशी असताना गोव्याने त्याला काढलं. क्लिफर्ड मिरांडाने उरलेले सामने सांभाळले आणि शील्ड जिंकलं. मग ते शील्ड कोणाचं? मी म्हणते लोबेराचं, मामेभाऊ म्हणतो मिरांडाचं, आणि तीन वर्षांनी मिरांडाने ओडिशाला सुपर कप जिंकून दिल्यापासून मामेभावाची बाजू जड झाली आहे. समोरच्याचा मुद्दा असा वजनदार झाला की वहीत मान्य करून पुढे जायचं. गाडी तिथेच अडवून ठेवायची नाही.

मामेभावाची दुसरी तक्रार अशी की आम्ही २०२१ चा कप त्यांच्या अंगणात, फातोर्ड्याला जिंकला. कोविडमुळे सगळा हंगाम गोव्यातच होता, त्याला मी काय करणार. पण एप्रिल २०२४ ची सेमीफायनल फातोर्ड्यालाच होती आणि ती मी काढतेच: नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे, शेवटी आम्ही ३-२. छांगतेचे दोन, विक्रम प्रतापचा एक. यात क्रॅटकीचं श्रेय किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर या सहा-सात मिनिटांवरून कोचबद्दल काहीही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा हे बघा: १५ एप्रिलला कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानकडून २-१ हरून शील्ड गमावलं, ४ मेला त्याच मैदानावर त्यांनाच ३-१ हरवून कप घेतला. तीन आठवड्यांत काय बदललं, हे शोधण्यात वेळ घालवा.

काही पथ्यं

सामना चालू असताना कोचवर वाद नाही. कोचच्या बायकापोरांवर एक शब्द नाही. पुढच्या रांगेत कोणा खेळाडूची आई बसलेली असू शकते, तेव्हा शिव्या गिळा. परतीच्या मेट्रोत आझाद नगरला चढल्यावर अंधेरी येईपर्यंत फक्त रेफरीला बोलायचं, मुद्दे त्यानंतर. घाटकोपर आलं की विषय बंद, कारण तिथे ठाणे लोकल पकडायला दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष लागतं.

पैज

लावाच. रक्कम नको, वस्तू ठेवा. आमच्यात तो हरला तर किलोभर काजू, मी हरले तर चितळ्यांची बाकरवडी. दावा दोघांच्या सहीने वहीत, तारखेसह. आणि शब्द तपासून घ्या. २०२४-२५ साठी त्याने लिहून दिलं होतं, "क्रॅटकी पहिल्या सहात आणणार नाही." आम्ही बरोब्बर सहावे आलो. मग बंगळुरूला नॉकआउटमध्ये ५-० हरलो आणि त्याने फोन करून सांगितलं, "पाच खाणाऱ्याला सहावा म्हणत नाहीत." काजू अजून आलेले नाहीत. म्हणून दाव्यात "लीग टेबल" की "प्लेऑफनंतर" हे स्पष्ट लिहून घ्या, आणि सही बॉलपेननेच.