तान्ह्या बाळाचे पोट सतत बिघडत असेल तर

खानापूरहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये बाळाला मांडीवर घेऊन बसले असताना डॉक्टरांना काय काय सांगायचे हे मी मनाशी घोकत होते; पण त्यांनी ‘दिवसातून किती वेळा शी होते?’ असा साधा प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून ‘खूप वेळा’ एवढेच बाहेर पडले. नवरा म्हणाला चार-पाच वेळा, सासूबाई म्हणाल्या दहा वेळा तरी. बाळ तेव्हा अडीच महिन्यांचे होते, शीमध्ये शेंबडासारखा आव आणि त्यात रक्ताचे बारीक तंतू दिसत होते, आणि तो आमचा तिसरा दवाखाना होता. आधीच्या दोन्ही ठिकाणी थेंबांच्या बाटल्या मिळाल्या होत्या; त्यातल्या एका ठिकाणी तर ‘अंगावरचे दूध बाधते आहे, पावडर सुरू करा’ असे सांगण्यात आले आणि पावडरीने त्रास आणखी वाढला. बाळाला दहा मिनिटे पाहणाऱ्या माणसाला जे कळायला हवे होते, ते आमच्या घरात कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. म्हणून पोटाच्या चिवट तक्रारीत पहिले काम कोणते असे मला कोणी विचारले, तर मी औषधाच्या आधी वहीचे नाव घेते.

वही कशी ठेवावी

शंभर पानी साधी वही घ्यावी आणि पेन दोरीने पाळण्यालाच बांधून ठेवावे, कारण रात्री अडीच वाजता पेन शोधायला कोणी उठत नाही. एका दिवसाला एक पान द्यावे. बाळाने दूध केव्हा घेतले, अंगावरचे की वरचे, वरचे असल्यास किती वाट्या. दूध टाकले असेल तर ते तोंडाच्या कडेने ओघळले की जोराने दूर उडाले, आणि त्याचा रंग काय होता. शी केव्हा झाली, पातळ की घट्ट, पिवळी, हिरवी की पांढुरकी, आव किंवा रक्त होते का. लघवी किती वेळा झाली. बाळ किती वेळ रडले आणि कशाने शांत झाले, एवढे लिहावे. ‘बरे नव्हते’, ‘जास्त रडले’ असे शब्द टाळावेत. ‘सायंकाळी ६ ते ८.३० रडले, उभे धरल्यावर थांबले’ असे लिहावे. कोणते औषध किंवा गुटी दिली असेल तर तीही लपवू नये. बाळ अंगावर पीत असेल तर आईने त्या दिवशी काय खाल्ले याचीही एक ओळ असावी. आमच्या बाबतीत निदान शेवटी त्याच ओळीतून निघाले.

शीचा रंग शब्दांत सांगणे कठीण असते, म्हणून लंगोटाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळेच पिवळे दिसते.

वहीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा वजनाचा आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच अंगणवाडीतल्या त्याच काट्यावर, कपडे काढून बाळाचे वजन करावे आणि तायी कार्डावरच्या, म्हणजे कर्नाटकातल्या आई-बाळाच्या सरकारी नोंद-कार्डावरच्या, आलेखातही ते भरून घ्यावे. जन्मानंतर थोडे उतरलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माचे वजन दुप्पट होते. दूध टाकणारे पण वजन वाढवणारे बाळ आणि दूध टाकणारे पण वजन अडकलेले बाळ, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कपडे धुण्याचे काम वाढते, दुसऱ्यात डॉक्टरांकडे जावे लागते.

घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दलही येथेच सांगते. सासूबाईंना ‘तुम्ही गुटी देऊ नका’ असे नुसते सांगून घरात अबोला आला असता. आम्ही वहीचे काम त्यांच्याकडे दिले. त्यांना लिहिता येत नाही, पण त्या सांगत आणि शेजारची सातवीतली मुलगी लिही. दहाव्या दिवशी त्याच म्हणाल्या, ‘तू दह्याची कढी खाल्लीस की दुसऱ्या दिवशी शीत रक्त दिसतंय बघ.’

कशाने घाबरू नये आणि कशासाठी थांबू नये

पुष्कळशी बाळे प्यायल्यावर थोडे दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वाधिक असते आणि वर्षाच्या आत बहुतेकांचे थांबते. पाजल्यावर ढेकर काढून वीस-तीस मिनिटे उभे धरावे, एका वेळी फार पाजू नये. झोपवताना मात्र बाळाला उताणेच आणि सपाट जागेवर झोपवावे, डोक्याखाली उशी सरकवू नये. अंगावर पिणारे काही बाळ प्रत्येक वेळी प्यायल्यावर शी करते, तर काही पाच-सहा दिवसांतून एकदा करते. शी मऊ असेल, बाळ पीत असेल आणि वजन वाढत असेल तर दोन्ही ठीक. सायंकाळी रोज ठरल्या वेळी कळवळून रडण्याचा प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतो. त्या काळात रडणे सहन होईनासे झाले, तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून पाच मिनिटे अंगणात जाऊन यावे. रागाच्या किंवा थकव्याच्या भरात बाळाला कधीही जोरात हलवू नये, त्याने मेंदूला इजा होते.

आता ज्यासाठी सकाळची वाट पाहायची नाही, ते सांगते. हिरवी ओकारी हे आतड्यात अडथळा आल्याचे लक्षण असू शकते आणि ते तासांचे काम असते. दोन ते आठ आठवड्यांचे बाळ प्रत्येक वेळी प्यायल्यावर हातभर लांब उडेल असे ओकत असेल आणि ओकून लगेच पुन्हा भुकेने रडत असेल, तर जठराचे तोंड अरुंद झाले आहे का हे तपासावे लागते. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मधल्या वेळात मलूल पडते आणि शीत जांभळाच्या रसासारखे रक्त येते, तेव्हा आतडे आतड्यात शिरलेले असू शकते. पोट ताठ फुगणे, तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, टाळू खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, पाजायला घेतले तरी न ओढणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

एक लक्षण मात्र गाजावाजा न करता येते, म्हणून त्याच्यावर मी अधिक थांबते. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे आहेत, लघवी गडद होऊन लंगोटाला डाग पडतो आणि शी मात्र राखेसारखी किंवा तांदळाच्या पिठासारखी पांढुरकी आहे, असे असेल तर ‘कोवळ्या उन्हात धरा, कावीळ जाईल’ या सल्ल्यावर राहू नये. पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असू शकते आणि त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वाधिक होतो. बाळ हसते, पिते, खेळते, म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि हेच साठ दिवस हातचे जातात.

काय देऊ नये, काय करू नये

डॉक्टरांनी सांगितलेले औषध आणि जुलाबात द्यायचे ओआरएस (क्षार-साखरेचे पाणी) सोडले, तर सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज काहीही नको, साधे पाणीसुद्धा नको. वेखंड, जायफळ, हिरडा उगाळलेल्या गुटीचे प्रमाण कोणालाच मोजता येत नाही, आणि सहाण नीट धुतली नसेल तर जंतू थेट पोटात जातात. मध वर्षाच्या आत कधीही देऊ नये. त्यातील जंतूंमुळे तान्ह्या बाळांना लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. पोटदुखीच्या थेंबांची बाटली औषधाच्या दुकानातून मागून आणताना तिच्यावरचे नाव वाचावे. डायसायक्लोमीन हे औषध सहा महिन्यांखालील बाळाला द्यायचे नसते. जुलाब एकदम बंद करणारी मोठ्यांची गोळी चुरून देणे तर जिवावर बेतणारे आहे.

आपल्या भागात अजूनही कुठे कुठे पोट फुगलेल्या बाळाला बेंबीभोवती चटके देतात. त्याने पोटातला आजार जात नाही. जखम होते, ती चिघळते, आणि दवाखान्यात न्यायला उशीर होतो. या एका गोष्टीत घरातल्या कोणाचाही मान राखण्याचे कारण नाही. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढावी, कोमट हाताने पोटावर तेल चोळावे.

जुलाब लागले तर ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी. चिमूटभर पेल्यात टाकून उरलेली बांधून ठेवण्याची सवय घातक आहे, कारण त्यात क्षारांचे प्रमाण चुकते. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने द्यावे आणि तयार पाणी चोवीस तासांनी ओतून टाकावे. खोक्यातून मिळणारी गोड फळांची पेये म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत डॉक्टरांच्या सांगण्यानुसार झिंक चौदा दिवस द्यायचे असते, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ते अर्ध्यावर सोडू नये. अंगावर पाजणे एकदाही थांबवू नये. वरचे दूध देण्यावाचून गत्यंतर नसेल तर बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले वापरावे, कारण ते उकळून स्वच्छ करता येते. जुलाब चौदा दिवसांवर गेले, तर मात्र तो साधा जुलाब समजायचा नाही आणि घरी उपचार करत बसायचे नाही.

दवाखान्याची वाट

आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी, कारण पुढची चिठ्ठी तेथूनच मिळते. कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण तातडीची वेळ नसेल तर मोठ्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळाला औषध, तपासणी आणि नेण्या-आणण्याची सोय जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. हे न संकोचता विचारावे. बेळगावात बिम्सचे (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे) जिल्हा रुग्णालय आणि केएलई या खासगी संस्थेचे रुग्णालय ही मोठी ठिकाणे आहेत. निपाणीकडच्यांना कोल्हापूर आणि अथणीकडच्यांना मिरज जवळ पडते. मात्र राज्याची हद्द ओलांडण्याआधी आपले कार्ड तेथे चालेल का, हे फोन करून विचारून घ्यावे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता केव्हा बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून त्या भागातल्यांनी संशयाच्या वेळी आदल्या दिवशीच तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे येऊन राहिलेले बरे.

भाषेचा प्रश्न लहान नाही. डॉक्टरांना बहुधा मराठी कळते, पण केसपेपर करणाऱ्या किंवा रात्रपाळीच्या सिस्टरांना कळेलच असे नाही. सुदैवाने त्यांच्या कन्नडमधले अर्धे शब्द आपलेच आहेत: उलटीला वांती, जुलाबाला भेदी, तापाला ज्वर, रक्ताला रक्तच. हिरव्याला हसिरु, पांढऱ्याला बिळी, पोटाला होट्टे आणि अंगावरच्या दुधाला एदेहालू म्हणतात. ‘एष्टु सल’ असे विचारले तर ते ‘किती वेळा’ विचारत आहेत आणि ‘यावागिंद’ म्हणजे ‘केव्हापासून’. आकडे वहीत आहेतच. बोट ठेवून दाखवले तरी काम होते.

तपासणीच्या वेळी वही, फोटो, तायी कार्ड, जन्मदाखला आणि आधीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या बरोबर ठेवाव्यात. निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: आजार काय वाटतो, या औषधाने किती दिवसांत फरक दिसायला हवा, आणि काय दिसले तर त्याआधीच परत यायचे. हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. फरक पडला नाही तर दवाखाना बदलण्याऐवजी तीच वही घेऊन एकदा त्याच डॉक्टरांकडे जावे. आम्ही दर वेळी नव्या दारात गेलो आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली.

चौथ्या डॉक्टरांनी आमच्या वहीची बारा पाने वाचली आणि गाईच्या दुधातील प्रथिनाची ॲलर्जी असावी असे सांगितले. अंगावरचे दूध थांबवायचे नाही, पावडर बंद करायची आणि माझ्या जेवणातून दूध पूर्ण काढायचे, असा उपाय होता. बाळंतिणीला दूध-तुपाने सांभाळण्याच्या आपल्याकडच्या रिवाजात हे सोपे नव्हते. चहा, दही, ताक, खवा, माहेरहून आलेला कुंदा, एवढेच नव्हे तर पुड्यातली बिस्किटेही गेली, कारण त्यांत दुधाची भुकटी असते. म्हशीचे किंवा शेळीचे दूध चालत नाही, त्यांतली प्रथिने सारखीच असतात. कॅल्शियमसाठी डॉक्टरांनी गोळी दिली आणि मी नाचणीची भाकरी व तीळ वाढवले. हा पथ्याचा काळ दोन ते चार आठवड्यांचा असतो आणि त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध पुन्हा खाऊन पाहायचे असते; त्रास परत आला तरच निदान पक्के होते. उगाच महिनोन्‌महिने आईला उपाशी ठेवणे हा उपचार नव्हे. आमच्याकडे नवव्या दिवशी वहीत ‘रक्त नाही’ असे लिहिले गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात अंगणवाडीच्या काट्यावर बाळ १९० ग्रॅमनी वाढलेले दिसले. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी वाटीभर दही खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी रक्ताचे तंतू परत दिसले, तेव्हा पथ्य पुढे चालू ठेवले. वर्षाचे झाल्यावर डॉक्टरांसमोर त्याला पहिल्यांदा एक चमचा दूध पाजले. ती नोंद सासूबाईंनी सांगितली आणि शेजारच्या मुलीने लिहिली. ती तोपर्यंत आठवीत गेली होती.